मधल्या तीन नोंदी

"घरी बसणं मानवलंय हं काटेबाई तुम्हाला," मासळीवाली म्हणाली आणि हातातला सुरा फळीवर टेकवून तिच्याकडे कौतुकानं बघत राहिली. "गालांवर रंग आलाय. खात्यात होतात तेव्हा नुसत्या कागदासारख्या पांढऱ्या दिसायच्या." तिला आधी बरं वाटलं. खरं तर फारच बरं वाटलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि बावन्नाव्या वर्षी भर फुटपाथावर कुणी रंगाचं कौतुक केलं की जसं हसू येतं तसं आलं. मग ओठांवर आलेलं ते तिनं घाईनं आवरलं. कारण आज अकरा वाजता आजारपणाच्या भत्ता कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एका डॉक्टरसमोर बसून तिला पटवून द्यायचं होतं की ती आजारी आहे. शेजारी उभ्या असलेल्या वन्संनी, म्हणजे तिच्या थोरल्या नणंदेनं, मोठा उसासा टाकला. "तरी सांगत होते, तो निळा स्वेटर घालू नकोस. निळ्यात तू दहा वर्षांनी लहान दिसतेस. राखाडी काढून ठेवला होता मी." मासळीवालीला काहीच उमगलं नाही. ह्या दोघी नेहमीसारख्या भांडताहेत असं समजून ती पुन्हा मासळी साफ करायला लागली.

आज दिवस चांगला होता, हीच तर अडचण होती. डावा पाय सकाळपासून निमूट चालत होता. घोट्याखाली त्याला काही कळत नव्हतं, पण ते आता नेहमीचंच. न कळताही तो जिथे टाकावा तिथे पडत होता. काल पडत नव्हता. परवा तर तिनं खाटेवरून उतरायचा विचारसुद्धा दुपारपर्यंत केला नव्हता. हा आजार असाच होता. नसांवरचं आवरण झिजतं, असं इस्पितळातल्या डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वी तिला सांगितलं होतं, वायरीवरचं रबर झिजावं तसं. मग कधी दिवा लागतो, कधी लागत नाही, आणि कधी लागेल हे सांगता येत नाही. तिनं तेव्हा विचारलं होतं, पण साधारण किती दिवसांतून किती वेळा? डॉक्टर म्हणाला होता, साधारण असं काही नसतं ह्यात. ते उत्तर तिला अजिबात आवडलं नव्हतं. जगात साधारण असं काही नसेल तर सत्तावीस वर्षं ती करत काय होती?

सत्तावीस वर्षं ती वजनमापं खात्यात काटे तपासत होती. बाजारातल्या दुकानदारांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे, टपाल कचेरीतले, सगळे काटे वर्षातून एकदा तिच्या टेबलावर यायचे किंवा ती त्यांच्याकडे जायची, आणि काटा खरा निघाला की त्यावर शिक्का बसायचा, खोटा निघाला तर तो बंद व्हायचा. म्हणून ती काटेबाई. नवरा गमतीनं ते नाव घरी घेऊन आला, त्याच्याकडून ते वन्संनी उचललं, आणि तो जाऊन नऊ वर्षं झाली तरी वन्सं तिला त्याच नावानं हाक मारत होत्या. भावाच्या दुःखात वहिनीला सोबत म्हणून वन्सं आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या आठ दिवसांचं काय झालं हा विषय दोघींनीही पुढे कधी काढला नाही. वन्सं एका थिएटरच्या तिकीट खिडकीत तीस वर्षं बसल्या होत्या. अर्धवर्तुळाकार भोकातून त्यांनी सगळं शहर पाहिलं होतं, आणि अजूनही त्या माणसाकडे जरा वाकून, मान तिरकी करून बघायच्या.

भत्ता कार्यालयाला चारच पायऱ्या होत्या आणि पुढे लिफ्ट. ती त्या चार पायऱ्या बिनतक्रार चढली, आणि वन्संनी मागून पुटपुटत सांगितलं, "जरा कठडा तरी धर. कुणी बघतंय की नाही कोण जाणे." तिनं कठडा धरला. धरल्यावर तिला लाज वाटली, कारण त्या घडीला तिला कठड्याची गरज नव्हती. वर बाकांच्या चार रांगा होत्या, खिडकीशी एक पंखा होता, आणि भिंतीवर लाल आकड्यांची पाटी होती. त्यांचा नंबर चौतीस. पाटीवर एकवीस. सगळे खाली मान घालून बसले होते. इथे आलेला प्रत्येक जण घरून आपलं सगळ्यात वाईट तोंड घालून आला असावा असं तिला वाटलं, आणि आपलं तेवढं घरी राहिलं. वन्संनी पिशवीतून सफरचंद काढून तिच्या हातात दिलं, मग विचार बदलून परत घेतलं. "नको. खाताना तू फार मजेत दिसतेस."

ती मजेत होती, हे काही खोटं नव्हतं. ह्या आठ महिन्यांत तिला एक गोष्ट कळली होती आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती. काम सुटल्यापासून ती सुखात होती. सकाळी नऊ ते दहा ह्या वेळात स्वयंपाकघराच्या फरशीवर उन्हाचा एक चौकोन येतो आणि टेबलाच्या पायापासून सरकत सरकत सिंकपर्यंत जातो, हे त्या घरात एकोणीस वर्षं राहून तिला माहीत नव्हतं. समोरच्या इमारतीतला बासरी शिकणारा माणूस एका ठरावीक सुरावर रोज अडतो हे माहीत नव्हतं. दुपारी झोपल्यावर जाग येते तेव्हा घरात पाव भाजल्याचा वास असतो, वन्सं पलीकडच्या खोलीत रेडिओशी वाद घालत असतात, आणि आपण कुठे आहोत हे आठवायची जराही घाई नसते. पाय साथ देत नाही त्या दिवशी ती खाटेवरूनच मटार सोलायची, आणि सोलताना बोटांना कळत नसलं तरी डोळ्यांना हिरवा रंग दिसायचाच. अशा वेळी तिला एकदम धसका बसायचा. आजारी माणूस इतकं सुखात असतं का? भत्ता मागायचा तर निदान थोडं रडायला तरी हवं. आपण कुणाला फसवत तर नाही ना, हा प्रश्न दुपारच्या त्या गोड सुस्तीतून सुरीसारखा वर यायचा. मग ती उठून बसायची आणि स्वतःची तपासणी करायची. पाय हलतो का? हलतो. बोटांना टाचणी टोचली तर कळते का? अंगठ्याला नाही, करंगळीला थोडी. म्हणजे आहे आजार. आणि हे कळल्यावर जीव भांड्यात पडायचा. आजार असल्याचं समाधान वाटणारी आपण जगातली एकटीच बाई असू असं तिला वाटायचं, आणि ह्याचंही तिला हसू यायचं.

काम तिला कुणी सोडायला लावलं नव्हतं. तिनंच सोडलं होतं. त्या दिवशी टेबलावर एका औषधवाल्याचा छोटा काटा होता, काचेच्या पेटीतला. प्रमाण वजनं लाकडी खोक्यात मखमलीवर असत. त्यांना उघडा हात लावायचा नाही, चिमट्यानंच उचलायचं. बोटाचा घाम लागला तरी पितळ जड होतं. तिनं चिमट्यानं वजन ठेवलं, काटा स्थिर झाल्यावर आकडा लिहिला, उचललं, पुन्हा ठेवलं. पाच वेळा. पाचही आकडे वेगळे आले. तिनं खिडकी बघितली, दार बघितलं, पंखा बघितला. सगळं बंद. पुन्हा पाच. पुन्हा वेगळे. मग तिचं लक्ष चिमट्याकडे गेलं. चिमटा टेबलावर पडला होता आणि वजन तिच्या बोटांत होतं. किती वेळ होतं कोण जाणे. पितळावर तिच्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा होता आणि अंगठ्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काटा खरा होता. चुकत होती ती. तिनं काट्याच्या कागदावर तसं लिहिलं, सही केली, वजन धुवायला पाठवलं आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं की आता मला बंद करा. साहेब म्हणाले, बसा आधी. पाणी प्या. माणसाला बंद करत नाहीत.

पाटीवर सत्तावीस झाले. "प्रश्न येईल, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो," वन्सं कानाशी येऊन म्हणाल्या. "काय सांगशील?"

"जिन्याचा."

"तुझं तोंड बघ सांगताना. जिन्यात तुला लॉटरी लागल्यासारखं. पुन्हा सांग."

"वन्सं, मला नाटक येत नाही."

"नाटक कोण म्हणतंय? खरंच आहे ते. फक्त जरा तोंड पाडून सांग. आणि हसू नकोस. तुला हसू आलंच तर मी पायावर पाय देईन, गप्प व्हायचं."

वन्सं चेष्टेनं बोलत होत्या, पण त्यांचा हात पिशवीच्या बंदाला पीळ घालत होता. कारण पहिला अर्ज फेटाळून आला होता. आजचीही तपासणी फुकट गेली तर घर ठेवता येणार नव्हतं. वन्संच्या लेकानं तिकडे, दूरच्या शहरात, आईसाठी खोली रंगवूनही घेतली होती. काटेबाईच्या भावानं मागची खोली रिकामी करतो म्हटलं होतं. त्यात सध्या सायकली होत्या. दोघंही चांगले होते, दोघांनीही मनापासून म्हटलं होतं, आणि दोघींनीही ती पत्रं वाचून टेबलाच्या खणात सगळ्यात खाली सारली होती. ह्यावर त्या एकदाच बोलल्या होत्या. वन्सं भांडी पुसत म्हणाल्या होत्या, "मला सूनबाईची भीती नाही वाटत. ती चांगली मुलगी आहे. पण तिच्याशी भांडता येणार नाही गं मला." एवढंच म्हणून त्यांनी एक कोरडी बशी बराच वेळ पुसली होती.

आणि पहिला अर्ज फेटाळला गेला तो तिच्यामुळेच. अर्ज चाळीस प्रश्नांचा होता. जिना चढता येतो का, किती वेळ लागतो. न थांबता किती चालता येतं. कपडे घालायला, अंघोळ करायला, भांडं उचलायला. तो पाहिल्यावर तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा कामाचा हुरूप आला. तिनं वही आखली, नवऱ्याचं घड्याळ काढून किल्ली दिली, आणि पाच दिवस सगळ्या गोष्टी मोजल्या. वन्संना दारात उभं करून जिन्याचे सेकंद मोजायला लावले. मग रीतीप्रमाणे प्रत्येक प्रश्नाच्या पाच नोंदींतली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान काढून टाकली, मधल्या तिन्हींची सरासरी काढली आणि ती सुवाच्य अक्षरात अर्जावर लिहिली. जिना: पंचेचाळीस सेकंद. हे ती सत्तावीस वर्षं करत आली होती. खात्यातल्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ते स्वतः काट्यासमोर श्वास रोखून उभे राहायचे आणि शिष्यांनाही उभं करायचे. बाई, ते म्हणायचे, टोकाची नोंद काट्याची नसते. कुणी दार उघडलं असेल, कुणी खोकलं असेल, रस्त्यावरून गाडी गेली असेल. ते काट्याच्या माथी मारायचं नाही. टोकं सोडून द्यायची. काट्याचं खरं काय ते मध्ये असतं. तिला हे तेव्हा इतकं पटलं की तिनं ते काट्यांपुरतं ठेवलंच नाही. नवऱ्याचा एखादा वाईट शब्द, आईची शेवटची चिडचिड, साहेबांनी केलेला अपमान, सगळ्याला तिनं उघडं दार समजून सोडून दिलं आणि मधल्या दिवसांची सरासरी काढून माणसं मनात ठेवली. त्यामुळे तिचं आयुष्य बरं गेलं होतं. नवरा चांगला होता असं ती मनापासून म्हणू शकत होती. आजारातसुद्धा ज्या दिवशी अंग अजिबात उठायचं नाही त्या दिवशी ती छताकडे बघत म्हणायची, आज कुठेतरी दार उघडं राहिलंय. अर्ज भरून झाल्यावर ती समाधानानं झोपली होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं: अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनानुसार अर्जदार दैनंदिन कामं माफक वेळात करू शकते, सबब. वन्संनी ते दोनदा वाचलं, मग वही मागितली, मग ती वाचली. मग वही मिटून त्यांनी ती हळूच तिच्या पुढ्यात ठेवली. "काटेबाई," त्या शेवटी म्हणाल्या होत्या, "तू स्वतःला पास केलंस गं."

चौतीस नंबर लागला.

खोली लहान होती. टेबलामागे बसलेली डॉक्टर पस्तिशीतली असावी. गळ्याभोवती मफलर, आवाज बसलेला. टेबल डुगडुगत होतं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती आणि ती पुरत नव्हती. आणखी एक घडी हवी, असं तिच्या मनात आलं, आणि वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं की ती वाकता वाकता थांबली. डॉक्टरनं अर्ज उघडला, जिन्यापाशी बोट ठेवलं. "पंचेचाळीस सेकंद. इतकं नेमकं कुणी लिहीत नाही. कसं काढलंत?"

"सरासरी आहे ती. मधल्या तीन नोंदींची."

"मधल्या म्हणजे?"

"पाच घेतल्या. वरची एक आणि खालची एक सोडून दिली."

"का सोडली?"

"सोडायची असते. रीत आहे तशी," ती म्हणाली, आणि डॉक्टरला नीट कळावं म्हणून सावकाश, जिव्हाळ्यानं सांगू लागली, दार कसं उघडतं, कुणी कसं खोकतं. डॉक्टरनं मध्येच तोंड वळवून खोकला काढला, तेव्हा ती म्हणाली, हे असं. वन्संनी डोळे मिटून घेतले. "आणि मी सगळ्यात चांगलीही सोडली," तिनं घाईनं सांगितलं. "शुक्रवारी एकतीस सेकंदांत चढले होते. तीही धरली नाही. दोन्हीकडची गेली, म्हणजे कुणाची बाजू घेतली असं होत नाही."

"सोडलेल्या नोंदी आहेत कुठे?"

त्या अर्थातच तिच्या पिशवीत होत्या. मूळ नोंदींशिवाय दाखला घेऊन कुठे जायचं नसतं. तिनं वही टेबलावर ठेवली. सोडलेल्या नोंदीवर एकच सरळ रेघ होती, खालचं वाचता येईल अशी. खाडाखोड खात्यात चालत नसे. डॉक्टर वाचू लागली. तिला वाटलं होतं ती चाळून बाजूला ठेवेल, पण ती रेघेखालचंच वाचत होती. फक्त रेघेखालचं. पान उलटायची, बोट खाली आणायची, रेघेवर थांबायची. ते पाहताना तिला अस्वस्थ व्हायला लागलं. घरी कुणी यावं आणि बैठकीत न बसता सरळ माळ्यावर चढावं तसं.

"बुधवार," डॉक्टरनं वाचलं. "पहिल्या पायरीवर बसले. चढता आलं नाही. सोमवार, गुंडी. लागली नाही, वन्संनी लावली. गुरुवार, अंघोळ. खाली बसले ती उठता आलं नाही. दोन तास दहा मिनिटं." तिनं वर पाहिलं. "हेसुद्धा मोजलंत?"

"आतल्या बोळात घड्याळ आहे. न्हाणीघरातून दिसतं."

"आणि हे खोटं म्हणून सोडलंत."

"खोटं नाही. इतरांशी जुळत नाही ते."

"पण झालं ना?"

हा इतका साधा प्रश्न तिला सत्तावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. टोकाची नोंद घेतली जाते, तिच्यावर रेघ ओढली जाते, ती झाली की नाही असं कुणी काट्याला विचारत नाही. सोडून दिलेलं सगळं तिच्यापुढे आलं. ओळीनं नाही, एकदम आलं, मागच्या दारानं आत शिरलेल्या माणसांसारखं. चमचा धरता धरता सुटला आणि पाहुण्यांसमोर तिनं तो मुद्दाम टाकल्याचं हसत सांगितलं, ती संध्याकाळ. रस्ता ओलांडताना पाय मधोमध थांबला आणि गाड्या वाजत राहिल्या, तो सिग्नल. नवऱ्यानं जायच्या आदल्या आठवड्यात, मला एकट्याला बसू दे जरा, असं म्हणून पाठ फिरवली, ती दुपारसुद्धा. हे काय दार उघडल्यानं झालं होतं? हे सगळं त्या-त्या दिवशी पुरतं झालं होतं. मधल्या दिवसांइतकंच.

"झालं," ती म्हणाली. तिचा स्वर तिला परका वाटला.

"गुरुवारचं सांगा मला. पहिल्यापासून."

मग तिनं सांगितलं. पाणी अंगावर घेतलं तोवर ठीक होतं, मग पाय आहेत की नाहीत तेच कळेना, म्हणून सावकाश खाली बसले, आणि उठायचं म्हटलं तर उठायचं कुठून सुरू करतात तेच हरवलं. वन्संनी काखेत हात घालून पाहिलं, त्यांची कंबर लचकली. खालच्या मजल्यावरचा सुतार कामाला गेलेला. तो जेवायला घरी येईपर्यंत थांबणं आलं. वन्संनी टॉवेल आणला, रजई आणली, डोक्यामागे उशी दिली, आणि बादली पालथी घालून स्वतः शेजारी बसल्या. बोलताना तिच्या लक्षात आलं की डॉक्टर लिहीत नाहीये, ऐकतेय.

"त्या दोन तासांत तुम्हाला कसं वाटत होतं?"

तिला ठाऊक होतं काय म्हणायला हवं. वन्संनी महिनाभर घोकून घेतलं होतं. भीती वाटली, असहाय वाटलं, रडू आलं. ह्यातलं थोडंफार खरंही होतं, पहिली दहा मिनिटं. पण पुढे वन्संनी तिकीट खिडकीतल्या त्या माणसाची गोष्ट काढली, जो दर शनिवारी शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांची तिकिटं काढायचा आणि एकटाच यायचा. सगळे हळहळायचे, बिचाऱ्याचं प्रेम असेल कुणावर. शेवटी वन्संनी विचारलंच, तर म्हणाला, बाई, कोट ठेवायला जागा लागते मला. ते ऐकून ती त्या ओल्या फरशीवर पडल्या पडल्या इतकी हसली की वन्सं बादलीवरून घसरल्या. मग दोघीही खालीच. उन्हाची तिरीप आरशावरून छतावर पडली होती. तिथे तिला वाटलं होतं की सुतार आणखी अर्धा तास नाही आला तरी चालेल. हे आठवून तिच्या ओठांचे कोपरे हलले. वन्सं तिच्याकडे न बघता समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे फार एकाग्रतेनं बघत होत्या.

"चांगलं वाटत होतं," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर फार चांगलं वाटत होतं. आम्ही हसत होतो."

डॉक्टरची नजर टेबलाच्या बाजूनं खाली गेली आणि तिथेच राहिली. "ह्या कोण तुमच्या?" तिनं विचारलं.

"नणंद माझ्या. वन्सं."

"मघापासून त्या तुमच्या पायावर पाय देऊन उभ्याच राहिल्यात जवळजवळ. चांगला टाचेचा बूट आहे."

तिनं खाली पाहिलं. वन्संची टाच तिच्या डाव्या पावलावर सगळ्या वजनानिशी रुतली होती. "अगंबाई," ती म्हणाली. "कधीपासून?"

"तू जिव्हाळ्यानं सांगायला लागलीस तेव्हापासून," वन्सं कसनुशा होऊन म्हणाल्या आणि पाय काढून घेतला. चपलेतल्या मोज्यावर गोल खळगा राहिला होता. डॉक्टरनं टेबलामागून येऊन खाली बसून तो मोजा उतरवला. पावलावर लाल वळ होता. तिनं टाचणी काढली, बोटांवरून, तळव्यावरून, घोट्यापर्यंत टोचत गेली आणि दर वेळी विचारत गेली, कळलं? तिला काही कळत नव्हतं, पण वन्सं प्रत्येक टोचणीला तोंड वेडंवाकडं करत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला कसं गं ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या. "रोज तुझे पाय चोळते मी. मला वाटायचं तुला बरं वाटतं."

"बरंच वाटतं," ती म्हणाली. "दिसतं ना मला."

डॉक्टर खुर्चीत जाऊन बसली आणि बराच वेळ लिहीत राहिली. ती मात्र अजून त्या एका उत्तरापाशी अडली होती. आपण घर घालवलं की काय? तिच्यानं राहवेना. "ते चांगलं वाटत होतं म्हटलं मी," तिनं विचारलं. "त्याचं काय लिहिलंत?"

"काही नाही. त्याला ह्या फॉर्मात रकानाच नाही." डॉक्टरनं नाक पुसलं. "इथे उठता येतं की नाही एवढंच विचारतात. तुम्ही पडल्या पडल्या हसलात काय, रडलात काय, तो तुमचा घरचा प्रश्न. मी तुमच्या रेघेखालच्या सगळ्या नोंदी धरल्यात आणि मंजुरीची शिफारस केलीय. माझ्या शिफारशीवर वरून सहसा हरकत येत नाही. दोन वर्षांनी पुन्हा यायचं."

वन्संनी मान खाली घातली आणि पिशवीचा बंद एकदाचा सोडला. तिला मात्र लगेच आनंद झाला नाही. आनंद यायच्या आधी एक थकवा आला, घोट्यांपासून वर चढत, सगळं अंग व्यापत. इतक्या वर्षांत बाजूला ठेवलेल्या सगळ्या दिवसांचं वजन पारड्यात पडावं तसा. आणि पडल्यावरही पारडं जमिनीला टेकलं नाही, ह्याचं तिला नवल वाटत राहिलं. वाईट दिवस धरूनही आयुष्य चांगलंच येत होतं. थोडं कमी चांगलं, पण तिचं.

"इथे सही करा. वरील माहिती खरी आहे, म्हणून."

तिनं पेन घेतलं. सकाळभर गुणी मुलासारखा वागलेला हात आता दमला होता. तिची सही खात्यात प्रसिद्ध होती; सत्तावीस वर्षं हजारो दाखल्यांवर एकसारखी, छापल्यासारखी. ह्या वेळी पहिलं अक्षर ओळीखाली घसरलं, दुसरं त्याच्यावर चढलं, आणि शेवटची वेलांटी कागदाच्या कडेपर्यंत वाहत गेली. डॉक्टरनं ती अर्जावरच्या पहिल्या सहीशी ताडून पाहिली. "जुळत नाही हो. हवं तर जरा थांबून पुन्हा करा. नवा कागद देते."

तिनं त्या सहीकडे नीट पाहिलं. "नको," ती म्हणाली. "राहू दे."

वन्संनी मान तिरकी करून, वाकून कागदावर पाहिलं. "ही कुणाची गं सही?"

"माझी," ती म्हणाली, आणि टोपण लावायला पेन त्यांच्याकडे दिलं.